दमा की ठसका? मुलाच्या घरघरीमागे गिळण्याचा दोष आहे का, हे कसं शोधावं

पंप चालू आहे, मास्क नीट बसतो, डोसही वाढवून झाला. तरी दर तीन-चार आठवड्यांनी मुलाची छाती पुन्हा भरते. अशा वेळी आणखी एक औषध जोडण्याआधी विचारायचा प्रश्न अगदी साधा आहे, पण तो बऱ्याचदा राहूनच जातो: हे मूल खोकतं ते धावताना, की पिताना?

काही मुलांच्या बाबतीत दुधाचे, पाण्याचे, कधी नुसत्या लाळेचे थेंब गिळताना वाट चुकून श्वासनलिकेत उतरत असतात. बाहेरून दिसतो तो दमाच. खोकला, धाप, शिट्टीसारखा श्वास, वरचेवर अँटिबायोटिक. दोष मात्र छातीत नसून घशात असतो.

आधीच सांगून टाकतो: हे वाचून पंप बंद करू नका. दमा आणि गिळण्याचा दोष एकाच मुलात असू शकतात, आणि खऱ्या दम्याचं औषध अचानक थांबवणं धोक्याचं आहे. आपल्याला इथे निदान करायचं नाही. डॉक्टरांसमोर नेमकी माहिती घेऊन जायचं आहे.

गल्लत होते कशी

घसा म्हणजे दोन रस्त्यांचा नाका. हवा पुढच्या नळीत जायची, अन्न मागच्या. प्रत्येक घोटाला श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात आणि त्यांच्यावरची झाकणी खाली झुकते. घोट मागच्या नळीत गेला की सगळं पुन्हा उघडतं. तान्हं बाळ दूध पिताना हा खेळ सेकंदाला साधारण एकदा खेळत असतं: चोखायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा. गर्भाच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास हा ताल बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळांना पिताना त्रास का होतो, ते यावरून कळेल.

थेंब स्वरतंतूंच्या खाली गेला की ठसका लागायला हवा. अडचण अशी की सगळ्या मुलांना तो लागत नाही. बिनठसक्याचं हे आत जाणं मुलांमध्ये, विशेषतः तान्ह्यांमध्ये, मुळीच विरळा नाही. मूल शांतपणे बाटली संपवतं आणि तासाभराने त्याची छाती वाजू लागते. दोहोंचा संबंध घरात कुणाच्या लक्षात येत नाही, आणि त्यात कुणाची चूकही नाही. वरचेवर थेंब गेल्याने श्वासनलिकांना सूज येते, कफ वाढतो, नळ्या आवळतात. स्टेथोस्कोपमधून मग दम्यासारखाच आवाज येतो.

त्यात वयाची भर पडते. जोरात फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री (श्वास किती आणि किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणारी तपासणी) साधारण ५-६ वर्षांच्या आतल्या मुलाला नीट जमत नाही. म्हणून लहानग्यांचा दमा लक्षणांवरून आणि औषध देऊन पाहून ठरवला जातो. पद्धत चुकीची नाही. पण त्या ‘देऊन पाहण्या’ला मुदत हवी. दोन-तीन महिने औषध नीट घेऊनही फरक नसेल तर निदानाचा पुनर्विचार व्हावा, असा संकेत आहे. प्रत्यक्षात मात्र औषध चालूच राहतं, कारण मधल्या काळात मूल बरं होतच असतं. विषाणूने आलेली घरघर काही दिवसांत आपोआप ओसरते आणि श्रेय पंपाला जातं. शिवाय आवळलेली नळी कशानेही आवळलेली असो, ती सैल करणाऱ्या औषधाने थोडं बरं वाटू शकतं. तेव्हा ‘नेब्युलायझरने आराम पडला, म्हणजे दमाच’ हा हिशेब कच्चा आहे.

पायरी १: ‘घरघर’ म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

आपल्याकडे हा एक शब्द तीन-चार आवाजांसाठी चालतो. पालक म्हणतात घरघर, डॉक्टर लिहितात दमा, आणि दोघांच्या मनातला आवाज वेगळा असतो.

श्वास सोडताना येणारा शिट्टीसारखा, सुरेल आवाज छातीतल्या लहान नळ्यांमधून येतो. दम्याचा आवाज हाच. श्वास आत घेताना येणारा कर्कश, ओढल्यासारखा आवाज घशातून, स्वरयंत्राच्या आसपासच्या भागातून येतो. तो दम्याचा नव्हे. तिसरा आवाज खरखरीचा: ओला, कफ हलल्यासारखा, मुलाच्या पाठीवर हात ठेवला तर तळव्याला जाणवणारा. पिऊन झाल्यावर हा आवाज वाढत असेल तर कान टवकारा. चौथी खूण आवाजाच्या पोताची: पाणी प्यायल्यावर मुलाचं बोलणं किंवा रडणं ओलं, बुडबुड्यांतून आल्यासारखं होतं, आणि खाकरल्यावर साफ होतं. चारांपैकी मला सर्वात मोलाची वाटते ती हीच, कारण ती घरात बसून पकडता येते.

पायरी २: सात दिवसांची वही

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. दम्याला धूळ, धूर, थंड हवा, धावपळ, हसणं, सर्दी, पहाटेची वेळ चाळवते. गिळण्याच्या दोषाला चाळवतं खाणं-पिणं. सात दिवसांच्या नोंदींतून हे वेगळेपण दिसू लागतं. आठवणीतून ते दिसत नाही, कारण घाबरवणारा एक प्रसंग मनात राहतो आणि साधे वीस विसरले जातात.

प्रत्येक खाण्या-पिण्याची वेळ लिहा आणि ते किती वेळ चाललं तेही. तान्ह्या बाळाला एका वेळचं दूध संपवायला नेहमीच अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत असेल तर ती स्वतःच एक नोंद आहे. पदार्थ पातळ होता, दाट होता की घट्ट? बाटली, पेला, स्ट्रॉ, चमचा की अंगावरचं? मूल बसलेलं होतं, आडवं होतं, चालत-खेळत होतं? मग खोकला: पिताना लगेच, पाच-दहा मिनिटांत, तासाभराने, की आडवं केल्यावर? डोळ्यांत पाणी आलं का, नाकातून दूध आलं का, मध्येच श्वास घ्यायला तोंड बाजूला केलं का, ओठांचा रंग बदलला का? त्याच पानावर धावणं, रडणं, धूर, सर्दी आणि औषधाच्या वेळाही टिपा.

आठवड्याने वही चाळताना काही आकृत्या उठून दिसतात. पाण्याने आणि पातळ दुधाने त्रास, पण घट्ट खाण्याने नाही, तर शंका घशातल्या समन्वयाची, कारण पातळ द्रव सर्वात वेगाने घसरतो आणि घशाला सावरायला वेळ मिळत नाही. उलट, घट्ट घास अडकतो आणि पाणी सहज उतरतं, तर नजर अन्ननलिकेकडे वळते. पहिले घोट ठीक आणि शेवटी खोकला, तर बाळ दमतंय. पिऊन बराच वेळ झाल्यावर, आडवं केल्यावरच त्रास होत असेल तर पोटातलं वर येण्याचा विचार करावा लागतो. आणि खाण्याशी काहीच नातं दिसलं नाही, सगळं धावण्याशी आणि पहाटेशी जुळलं, तर बहुधा तो दमाच आहे. वही तेही सांगते, म्हणून ती लिहिताना आधीच निकाल ठरवून बसू नका.

पायरी ३: मोबाइलवर चित्रण

दवाखान्यात मूल हमखास शहाण्यासारखं पितं. म्हणून घरी दोन चित्रफिती घ्या. एक पिण्याच्या सुरुवातीपासून दोन-तीन मिनिटांची, दुसरी शेवटच्या दोन-तीन मिनिटांची. चेहरा, मान आणि उघडी छाती तिन्ही दिसायला हवीत, बाजूने काढलेली उत्तम. टीव्ही बंद ठेवा, बोलू नका. आवाज हाच पुरावा आहे. झोपेतल्या श्वासाची अर्ध्या मिनिटाची एक फीतही जोडा.

पायरी ४: या खुणा असतील तर थांबू नका

- त्रास जन्मापासून किंवा पहिल्या काही आठवड्यांपासूनच आहे
- ओला खोकला चार आठवड्यांहून अधिक टिकला आहे
- न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो, विशेषतः फुप्फुसाच्या त्याच त्या भागात
- वजन वाढत नाही, किंवा मूल खाणं टाळतं, मान वळवतं, पाठ ताणून रडतं
- आवाज घोगरा आहे, रडणं क्षीण आहे
- नखं फुगीर, गोलसर होत चालली आहेत

यांतल्या एकाही गोष्टीचा खुलासा साध्या दम्याने नीट होत नाही. काही मुलांमध्ये तर शंका मुळातच जास्त घ्यावी लागते: मुदतीआधी जन्मलेली, सेरेब्रल पाल्सी किंवा डाउन सिंड्रोम असलेली, टाळूला फट असलेली, बरेच दिवस श्वासाची नळी घातलेली, आणि हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. शेवटच्या गटाचं कारण पटकन लक्षात येत नाही. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस हृदयाजवळच्या मोठ्या धमनीला वळसा घालून वर जाते. शस्त्रक्रियेत ती दुखावली तर स्वरतंतू मिटत नाही आणि दार अर्धवट उघडं राहतं.

पूर्ण निरोगी दिसणाऱ्या मुलातही दोष असू शकतो. स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत जन्मतः बारीक फट असणं हे त्यातलं ठळक उदाहरण. फट लहान असेल तर मूल वाढतं, खेळतं, फक्त पाणी पिताना खोकतं आणि वर्षानुवर्षं दम्याच्या यादीत राहतं. दुसरं उदाहरण श्वासनलिका आणि अन्ननलिका यांना जोडणाऱ्या बारीक आडव्या बोगद्याचं. अशा बाळाला दूध पिताना ठसका लागतो आणि पोट हवेने फुगतं. हृदयातून निघालेल्या धमन्यांचा वेढा दोन्ही नळ्यांभोवती पडला असेल तर श्वासाचा आवाज जन्मापासून येतो, आणि घट्ट खाणं सुरू झालं की घासही अडकू लागतो.

एक प्रसंग याहून वेगळा. कालपर्यंत ठणठणीत असलेल्या मुलाला खेळता-खाताना एकदम जोराचा ठसका लागला आणि त्यानंतर घरघर सुरू झाली, तर काहीतरी श्वासनलिकेत अडकलंय असंच समजा. एक्स-रे स्वच्छ आला तरी शंका सोडू नका. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. आणि मुलाने बटणाएवढी बॅटरी गिळल्याची नुसती शंका असली तरी त्याच क्षणी मोठं रुग्णालय गाठा. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांतही गंभीर भाजू शकते.

पायरी ५: औषधाचा हिशेब तपासा

दम्याचं औषध लागू पडत नाही, हे म्हणण्याआधी ते छातीत पोहोचतंय का ते पाहा. मूल रडत असताना दिलेला पंप बराचसा वाया जातो. मास्क चेहऱ्यापासून थोडा जरी सुटा राहिला तरी तेच. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) न वापरता लहान मुलाला पंप दिला तर औषध जिभेवर आणि घशातच राहतं. पुढच्या भेटीत पंप आणि स्पेसर सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर देऊन दाखवा. मग गेल्या वर्षभराचा हिशेब मांडा: तोंडाने स्टेरॉइडचे कोर्स किती झाले, अँटिबायोटिक किती वेळा, एक्स-रे किती, आणि प्रत्येक वेळी किती दिवसांत फरक पडला. ओला खोकला अँटिबायोटिकने दरवेळी ओसरतो आणि काही आठवड्यांनी परततो, ही नोंद डॉक्टरांना बरंच काही सांगून जाते.

पायरी ६: डॉक्टरांकडे कसं बोलावं

‘हा दमा नाही असं मला वाटतं’ अशी सुरुवात केली की वाद होतो. त्याऐवजी ‘पाणी प्यायल्यावर दहा मिनिटांत आवाज ओला होतो, आठवड्यात अकरा वेळा झालं, ही चित्रफीत’ असं सांगा. मग विचारा: गिळण्याची तपासणी करावी का? तुमच्या समोर दूध पाजून दाखवू का? पिणं समोर बसून पाहणं ही बिनखर्चाची तपासणी आहे आणि घाईच्या ओपीडीत तीच सर्वात आधी गळते.

पुढचा रस्ता बहुधा बालरोगतज्ज्ञांकडून कान-नाक-घसा तज्ज्ञ, मुलांच्या छातीचे डॉक्टर आणि गिळण्याचं प्रशिक्षण घेतलेले स्पीच थेरपिस्ट यांच्याकडे जातो. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं शिकवतात, हा गैरसमज आहे. बोलणं आणि गिळणं यांचे स्नायू तेच, म्हणून हे कामही त्यांचंच.

पायरी ७: तपासण्या, आणि त्यांच्या मर्यादा

मुख्य तपासण्या दोन. पहिलीत मुलाला नेहमीसारखं बसवून बेरियम (क्ष-किरणांत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेलं दूध किंवा खाणं देतात आणि गिळण्याची क्ष-किरणांची हलती फिल्म घेतात. थेंब नेमका कधी, कोणत्या दाटपणाला आत जातो आणि मूल त्यावर खोकतं का, हे दिसतं. जाताना घरचीच बाटली, निपल, पेला न्या. मूल थोडं भुकेलं असू द्या. किरणोत्सर्ग कमी ठेवण्यासाठी फिल्म थोडा वेळच घेतात, त्यामुळे शेवटी दमल्यावर होणारी चूक तिच्यात निसटू शकते. तुमची वही ‘शेवटी खोकतं’ म्हणत असेल तर ते आधीच सांगा.

दुसरीत नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून वरून घसा पाहतात. किरणोत्सर्ग नाही, अंगावर पिणारं बाळ पितानाही पाहता येतं, घशात लाळ साचते का ते कळतं. मात्र गिळण्याच्या नेमक्या क्षणी घसा आवळला जातो आणि काहीच दिसत नाही. म्हणून एक तपासणी निर्दोष आली आणि लक्षणं तशीच राहिली, तर दुसरीबद्दल विचारणं वावगं नाही.

छातीचा साधा एक्स-रे स्वच्छ असणं म्हणजे सुटका नव्हे. भिंतीतली बारीक फट जागेपणी केलेल्या तपासणीत हमखास सुटते. ती शोधायला भूल देऊन उपकरणाने तो भाग चाचपावा लागतो. श्वासनलिका धुऊन काढलेल्या पाण्यात चरबीने भरलेल्या पेशी सापडल्या तर तो आत जाण्याचा पुरावा, असं पूर्वी मानत. आता एवढ्यावर कुणी निदान करू नये, कारण त्या इतर आजारांतही सापडतात.

पायरी ८: निदान होईपर्यंत आणि झाल्यावर घरी

तपासणीची वाट पाहताना निर्धोक असं बरंच करता येतं. आडवं निजवून बाटली देऊ नका. बाळाला थोडं उंच आणि कुशीवर धरा, म्हणजे दूध घशात ओतलं जाणार नाही. हळू धार देणारं निपल वापरा. भोक मोठं करून ‘लवकर संपू दे’ म्हणणं अगदी उलट पडतं. तीन-चार घोटांनंतर बाटली किंचित खाली झुकवा, श्वास घेऊ द्या, मग पुन्हा द्या. मोठं मूल बसूनच खाईल, धावता-हसता नाही. दात रोज दोन वेळा घासा. लाळ जर छातीत उतरत असेल तर तिच्यातले जंतू जितके कमी तितकं न्यूमोनियाचं भय कमी.

दूध दाट करून पाजण्याचा प्रयोग मात्र स्वतःच्या मनाने करू नका. किती दाट सुरक्षित, हे तपासणीत ठरतं; काही मुलांना दाट पदार्थच घशात साचून त्रास देतो. २०११ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने झँथन गमवर आधारलेला एक दाटक (द्रव दाट करणारा पदार्थ) मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना देऊ नये असा इशारा दिला होता, कारण तो दिल्यावर काही बाळांना आतड्याचा गंभीर आजार झाल्याचं आढळलं. धान्याचं पीठ आईच्या दुधात टिकत नाही. त्या दुधातलं अमायलेज हे पाचक द्रव्य पिठातला स्टार्च पचवून टाकतं आणि दूध पुन्हा पातळ होतं.

तज्ज्ञांनी दाटपणा ठरवून दिला की तो रोज तोच ठेवणं महत्त्वाचं. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत पेयांना ० ते ४ अशा पातळ्या आहेत. घरी मोजायला १० मिलिलिटरची, सुई नसलेली सिरिंज लागते, मात्र तिच्यावरची ० ते १० ही पट्टी ६१.५ मिलिमीटर लांब असावी. तोंड बोटाने बंद करून १० मिलिपर्यंत भरा, दांडा काढून ठेवा, बोट सोडा, १० सेकंद मोजा आणि पुन्हा बंद करा. १ मिलिहून कमी उरलं तर पेय पातळ, पातळी ०. १ ते ४ उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, ८हून अधिक उरलं तर ३, आणि काहीच वाहिलं नाही तर ४. ठेवल्यावर दाटक फुगत राहतो, म्हणून पाजण्याच्या वेळी मोजा, बनवताना नाही.

पुढचा उपचार कारणावर अवलंबून. समन्वय कच्चा असेल तर वय आणि सराव बरंच काम करतात. लहान फट असेल तर दाट पेय, तिथे भरण टोचणं किंवा दुर्बिणीतून टाके. आडवा बोगदा आणि धमन्यांचा वेढा यांना शस्त्रक्रिया लागते.

मोठ्या मुलांची गोष्ट निराळी

शाळेत जाणारं मूल जेवताना प्रत्येक घासावर पाणी पितं, मिनिटभर चावत बसतं, घट्ट पदार्थ ताटात तसेच ठेवतं, सगळ्यांच्या शेवटी उठतं. घरात त्याला ‘नखरे’ म्हणतात. ते कदाचित अन्ननलिकेची सूज सांभाळत असतं. इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस या ॲलर्जीच्या सुजेत नेमकं असं घडतं, आणि या मुलांना बऱ्याचदा दमा आणि इतर ॲलर्जीही असतात, त्यामुळे छातीकडे लक्ष जातं, घासाकडे नाही. निदानाला दुर्बीण घालून अन्ननलिकेचे तुकडे तपासावे लागतात. ॲकॅलेशिया त्याहून विरळा: अन्ननलिकेचं खालचं दार सैल होत नाही, अन्न वर साचतं, रात्री घशाशी येतं आणि मूल खोकत उठतं. सकाळी उशीवर न पचलेल्या अन्नाचे डाग दिसले तर रात्रीच्या खोकल्याला दमा म्हणण्याआधी ते डॉक्टरांना सांगा.

घास अडकला तर

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाठीत धपाटे घालू नका. खोकला निघेना, आवाज फुटेना, चेहरा निळा पडू लागला तर: एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून खांद्याच्या पात्यांमध्ये ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ दाब. एक वर्षावरच्या मुलाला ५ थापा आणि मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने ५ दाब. तोंडात न दिसणाऱ्या वस्तूसाठी बोट फिरवू नका, ती आणखी खोल जाते. दरम्यान दुसऱ्या कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा. मूल बेशुद्ध झालं तर सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करा.

उपचार सुरू झाल्यावर वही पुन्हा काढा. पातळ द्रव बंद करून महिनाभरात खोकला घटला, छाती कोरडी राहिली, तर दम्याची औषधं टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा विषय डॉक्टरांकडे काढा. दाट पेयाचा काळही कायमचा नसतो. काही महिन्यांनी गिळणं पुन्हा तपासून तो कमी करता येतो का ते पाहतात. ती तारीख औषधाच्या कागदावर लिहून मागा, आणि पाळणाघरात किंवा शाळेत मुलाला पाणी कोण, कशातून, किती दाट देणार हे त्यांनाही लिहूनच द्या.